बोलण्यातला वाटा

आमच्या घरात 'काय न्हाई' हे तोंडानं कमी आणि हातानं जास्त बोललं जायचं. पंजा वर करायचा, दोनदा इकडं-तिकडं हलवायचा, झालं. हा हात माझ्या धाकट्या भावासाठी होता. तो बहिरा. दोन वर्षांचा असताना त्याचे कान गेले, आणि कान गेल्यामुळं बोलणंही आलं नाही. गावानं त्याचं नाव 'मुका' ठेवलं. रेशनकार्डावर त्याचं चांगलं नाव होतं, पण ते तलाठ्याला आणि ग्रामसेवकालाच ठाऊक.

सणासुदीला पंधरा-वीस माणसं पंगतीला बसायची. कुणी काही बोललं, सगळे हसले, की तोही हसायचा. लोक हसतात तेव्हा हसायचं असतं एवढं त्याला कळत होतं. मग तो शेजारच्याच्या गुडघ्याला हात लावून हनुवटी वर करायचा. काय? शेजारच्याच्या तोंडात घास. तो पंजा हलवायचा. काय न्हाई. एखादा फारच भला असला तर बोट पुढं करून खूण करायचा, मग सांगतो. ते 'मग' काही यायचं नाही. मी थोरला भाऊ, त्याच्या शेजारी मीच जास्त वेळा बसलेला. म्हणजे तो पंजा सगळ्यात जास्त वेळा मीच हलवला.

आता मी पासष्टीला आलो. शेतातलं जड काम सुटलं, बसून विचार करायला वेळ मिळतो. तेव्हा एकच प्रश्न राहून राहून डोक्यात येतो. घरातला माणूस कुणाला म्हणायचं? ज्याला ताट वाढलं जातं त्याला, की ज्याला सांगितलं जातं त्याला? ही दोन्ही एकच, असं धरून मी जवळजवळ चाळीस वर्षं काढली.

१९६४ सालच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. भोगावती पात्राबाहेर पडलेली, रस्त्यावर पाणी, एस.टी. बंद. पाणी ओसरल्यावर आबांनी त्याला खांद्यावर टाकून कोल्हापूरला नेलं, तोवर ताप उतरला होता. पोरगं वाचलं म्हणून आईनं जोतिबाला गुलाल-खोबरं उधळलं. पुढं दोन-तीन महिन्यांनी चुलीपाशी पितळेची परात पडली. मी दचकलो, आक्का दचकली. तो पाठमोरा बसून चिंचोक्यांशी खेळत राहिला. आईनं परात उचलली आणि मुद्दाम पुन्हा टाकली. मग तिसऱ्यांदा टाकली. ते मला अजून दिसतं.

आईला सही करता येत नव्हती, पण पोराशी बोलायची भाषा तिनं स्वतः तयार केली. पाऊस, वैरण, म्हैस, बाजार, ताप, भूक, सगळ्याला हात होता. माणसांची नावं मात्र त्यानं पाडली. नाकपुडीला दोन बोटं लावली की आई, कारण तिची नथ. डोक्याभोवती हात फिरवला की आबा, म्हणजे पटका. खांद्यावरून दोन्ही मुठी खाली ओढल्या की आक्का, तिच्या दोन वेण्या. आणि कपाळावर आडवं बोट ओढलं की मी, कारण लहानपणी दगड लागून माझ्या कपाळाला खोक पडली होती. आक्का लग्न होऊन गेली, वेण्या जाऊन अंबाडा आला, तरी त्याच्या हातात ती दोन वेण्यांचीच राहिली. त्यानं सगळ्या घराला नावं दिली. आम्ही त्याला दिलेलं नाव त्याला ऐकू येत नव्हतं, आणि हातातलं नाव द्यायचं कुणाला सुचलं नाही. तो स्वतःबद्दल सांगताना नुसता छातीवर हात ठेवायचा.

आमच्या गुरुजींनी आबांना सांगितलं होतं, अशा पोरांच्या शाळा असतात, तिथं घाला. मुंबईत तर १८८५ साली अशी शाळा निघाली होती, म्हणजे आमच्या आज्जाच्याही आधी. आबा म्हणाले, "परक्या गावात ह्यो एकटा कसा ऱ्हाईल? ह्याला तान लागली तर कुणाला सांगंल?" त्यात मायाच होती. पण त्या मायेनंच त्याच्यासारखी हातानं बोलणारी पोरं त्याला कधी भेटू दिली नाहीत. मी १९७७ साली दहावी झालो. त्याच्या हातात पाटीसुद्धा आली नाही.

आपण ऐकणारी माणसं घरात कशी मुरतो, याचा कधी विचार करून बघा. आपल्याला मुद्दाम बसवून कुणी फार काही सांगत नाही. कानावर पडतं. चुलत्याचं सोसायटीचं कर्ज थकलंय, आत्याच्या पोरीला स्थळ आलंय, बांधावरून शेजाऱ्याशी बिनसलंय, हे सगळं आपण झोपेचं सोंग घेऊन, चुलीपाशी बसून, दारामागं उभं राहून गोळा करतो. दहा-बारा वर्षांचं पोरगं घरातलं सगळं ओळखून असतं, ते या पडलेल्या बोलण्यामुळं. माझ्या भावाच्या कानावर काही पडत नव्हतं. त्याला प्रत्येक गोष्ट हातात उचलून द्यावी लागायची. हे कष्टाचं काम होतं, आणि आम्ही ते आईवर सोपवून मोकळे झालो होतो.

त्याच्या लग्नाचंही असंच झालं. भाऊबंदांत कुणाचं लग्न निघालं की तो गळ्यापाशी हार घातल्याची खूण करायचा आणि मग छातीवर हात ठेवायचा. माझं? आणि आम्ही पंजा हलवायचो. काय न्हाई. त्याचं लग्न करायचं नाही हे आबांनी आणि चुलत्यांनी एका संध्याकाळी कट्ट्यावर बसून ठरवलं. तो तिथंच, दहा हातांवर, म्हशीला पाणी दाखवत होता. या एका गोष्टीची भरपाई मला आता कशानंही करता येत नाही.

पण एक जागा अशी होती की तिथं तो मुका नव्हता. ते आमचं भाऊबंदांचं गुऱ्हाळ.

कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळ काय ते सांगायला नको. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली तेव्हापासून इथल्या गुळाला पेठ मिळाली, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मानांकन कागदावर असतं, गूळ गुळव्याच्या डोळ्यांत आणि बोटांत असतो. माझा भाऊ पंचविशीतच गुळव्या झाला. रसाला उकळी फुटली, भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली की ती कधी काढायची, जाळ कधी वाढवायचा, कधी ओढायचा, हे तो बुडबुड्यांच्या आकारावरून ओळखायचा. शेवटी काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकून दोन बोटांत त्याची गोळी करून बघायचा. गोळी मनासारखी झाली की हात वर. त्या हातावर आठ माणसं काहिलीला भिडायची. हात वर जायच्या आधी कुणी काहिलीला शिवत नव्हतं, मी मालकांपैकी एक असूनसुद्धा.

तिथं त्याचं कसं जमायचं? कारण घाण्याचं डिझेल इंजिन. ते चालू झालं की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून गुऱ्हाळावर सगळेच हातानं बोलायचे. ऊस आण, चिपाड पसर, जाळ कमी कर, चहा आला, पाटील आला, सगळं हातानं. गंमत म्हणजे चेष्टामस्करीही हातानं चालायची. तिथं तो सगळ्यांच्यात सगळ्यात चांगला बोलणारा होता. नवीन गडी आला की आठ दिवसांत त्याच्याकडूनच हात शिकायचा.

मग दिवस मावळताना इंजिन बंद व्हायचं. गडी चिपाडावर बसून भाकरी सोडायचे आणि तोंडानं बोलायला लागायचे. त्याच माणसांत, त्याच जागी, तो पुन्हा मुका व्हायचा. मी हे पंधरा-वीस हंगाम बघितलं, पण त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. दिवसभर तो मुका नसायचा आणि इंजिन थांबलं की व्हायचा, तर मग मुकेपण त्याच्या कानात होतं की आमच्या सवयीत?

अलीकडं नातीच्या शाळेतल्या बाईंनी मला एका बेटाची हकिगत सांगितली. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या काही गावांत दोन-अडीचशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या बहिरी मुलं जन्माला येत होती. म्हणून तिथले ऐकणारे लोकही लहानपणापासून हातांची भाषा शिकायचे. शेतकरी, मासेमारी करणारे, दुकानदार, सगळे. नोरा एलेन ग्रोस नावाच्या बाईंनी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यावर पुस्तक लिहिलं, ते १९८५ साली आलं. त्या गावांत बहिऱ्यांची लग्नं व्हायची, ते जमिनी करायचे, गावच्या सभेला बसायचे, आणि बहिरा हा काही वेगळा माणूस आहे असं कुणाला वाटत नव्हतं. इतकं लांब जायला नको, कर्नाटकात गौरीबिदनूरजवळ अलीपूर म्हणून गाव आहे, तिथंही बहिरी माणसं बरीच आणि त्यांची स्वतःची हातांची भाषा आहे. बाई हे सांगत होत्या तेव्हा मला आमचं गुऱ्हाळ दिसत होतं. आमच्याकडंही बेट होतं. इंजिन चालू असेपर्यंत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

१९९८ सालचा जानेवारी. गुऱ्हाळ ऐन भरात, ऊस तुटून फडात पडलेला. आईला पहाटे धाप लागली. मी आणि चुलतभावानं तिला जीपमध्ये घालून कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं. धाकटा रात्रपाळीला गुऱ्हाळावर होता. सकाळी तो घरी आला, आईचं अंथरूण रिकामं बघितलं, आणि माझ्या बायकोला विचारलं, नाकाला बोटं लावून. तिनं सांगितलं, औषध, कोल्हापूर. एवढं बरोबर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता आशा धरू नका. मी आक्काला सांगावा धाडला. ती सासरहून आली आणि आईच्या उशाशी बसली. मी पैसे आणि कपडे आणायला घरी आलो. धाकट्यानं मला दारातच धरलं. नथ? मी हात हलवून सांगितलं, बरी आहे, उद्या येईल.

का असं सांगितलं? त्या वेळी मी मनाला दोन कारणं दिली. एक, त्याला काय कळणार, उगीच रडत बसेल. दुसरं कारण मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो दवाखान्यात आला असता तर गुळव्या नव्हता, आणि तुटलेला ऊस वाळला असता. पहिलं कारण मायेचं आणि दुसरं व्यवहाराचं, पण दोन्ही एकमेकांत अशी मिसळली होती की कुठलं खरं ते माझं मलाच सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आई गेली. टेम्पोतून घरी आणली. कुणीतरी गुऱ्हाळावर जाऊन धाकट्याला हाताला धरून आणलं. कशाला ते सांगितलं नाही. तो बोळाच्या वळणावर आला आणि त्याला दारात बांबू दिसले, कडबा दिसला, मडकं दिसलं. गावातली मर्तिकं त्यानं बघितली होती, या वस्तू कधी दारात येतात ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो रडला नाही. गर्दीतनं वाट काढत सरळ माझ्यासमोर आला आणि नाकाला बोटं लावली. मग माझीच खूण मला करून दाखवली. उद्या. पुन्हा नथ. पुन्हा उद्या. नथ, उद्या. नथ, उद्या. किती वेळा, मी मोजलं नाही. लोकांना वाटलं मुका दुःखानं बडबडतोय. तो काय म्हणतोय हे तिथं एकट्या मला कळत होतं.

आक्काला आईजवळ बसायला मिळालं. मला मिळालं. आईशी सगळ्यात जास्त बोलणारा जो होता, त्याला आम्ही लांब ठेवलं, आणि त्याला आम्ही जपणं म्हणत होतो. आई गेली तेव्हा आमची आई गेली. त्याची आई गेली, आणि त्याच्याशी दिवसभर बोलणारं या घरातलं एकमेव माणूसही गेलं. पुढं वर्षभर त्यानं पंगतीत कुणाच्या गुडघ्याला हात लावला नाही. काय, म्हणून विचारलं नाही. बायको म्हणाली, "भाऊजी शांत झाले." मी काही बोललो नाही.

वर्षानं जमिनीचं निघालं. तीन एकर रान. आबा १९८९ साली गेले तेव्हा सातबारावर आम्हा सगळ्यांची वारसनोंद झाली होती. चुलते म्हणाले, "मर्दा, मुक्याला काय करायचीय जमीन? ना बायको, ना पोर. तू सांभाळतोयसच की. आक्काचं आणि त्येचं हक्कसोड करून घे, पुढं कटकट नको." मला ते पटलं. माझ्या मनात त्याला उपाशी ठेवायचं नव्हतं. जन्मभर ताट वाढणारच होतो. मग सातबारावर नाव असलं काय आणि नसलं काय?

कागद करायला कोल्हापुरातल्या एका वकिलांकडं गेलो. वयस्कर माणूस, निवांत होता. म्हणाला, "तुमचा विचार जुना आहे. मनुस्मृतीत हेच आहे." मी चमकलो. त्यानं समजावून सांगितलं. जुन्या धर्मशास्त्रात जन्मांध, बहिरा, मुका, वेडा यांना वडिलार्जित मिळकतीत वाटा नव्हता. मात्र त्यांना अन्नवस्त्र द्यायचं हे भावांवर बंधन होतं, न देणारा पापी. हा नियम शेकडो वर्षं चालला. १९२८ साली कायदा करून तो काढला, फक्त जन्मापासून वेडा असलेला तेवढा त्यात राहिला. मग १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २८ आलं. कुठलाही रोग, दोष किंवा व्यंग असलं म्हणून कुणाचा वारसा जात नाही. "तेव्हा तुमच्या भावाचा वाटा आहे," वकील म्हणाला, "तो त्यानं समजून-उमजून सोडला तर सुटतो. पण समजून-उमजून."

अन्नवस्त्र द्यायचं, वाटा द्यायचा नाही. कायदा माझ्या जन्माआधीच बदलला होता, पण आमच्या घरात जुनंच शास्त्र चालू होतं, आणि ते जमिनीपुरतंही नव्हतं. जेवण, कपडा, औषधपाणी, सगळं द्यायचो. घरातल्या बोलण्यात वाटा नाही, निर्णयात वाटा नाही, आईच्या मरणातसुद्धा वाटा नाही.

हे त्याच वेळी एवढं स्वच्छ कळलं असं मी म्हणणार नाही. मी कागद करून घेतला आणि भावाला घेऊन नोंदणीच्या कचेरीत गेलो. त्यानं धुतलेली टोपी घातली होती. मी नेतोय म्हणजे चांगल्यालाच नेत असणार, असा त्याचा भरवसा. शाईच्या पॅडवर त्यानं अंगठा टेकलासुद्धा. तेवढ्यात कारकुनानं कागदावरची मान वर करून विचारलं, "ह्यांना समजलंय का, काय आहे ते?" साधा रोजचा प्रश्न. 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. भावानं माझ्याकडं बघून हनुवटी वर केली. काय? वर्षभरानं पहिल्यांदा. माझा पंजा वर आला होता, सवयीनं. तो तसाच खाली घेतला. कारकुनाला म्हणालो, "न्हाई साहेब, समजलेलं न्हाई." त्याच्या अंगठ्याची शाई माझ्या रुमालानं पुसली आणि आम्ही आलेल्या एस.टी.नं परत गेलो.

पुढच्या चार रात्री मी त्याला समजावलं. अंगणात राखेनं आमचं रान काढलं, बांध, पाट, विहीर, आंब्याचं झाड. रान त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, त्यानं एक बांध पुसून नीट काढला. मग पटक्याची खूण केली आणि हात आभाळाकडं नेला. नथ, आभाळाकडं. आता हे रान कुणाचं? दोन खडे ठेवले, एक माझा, एक त्याचा. मग हक्कसोड दाखवायला त्याचा खडा उचलून माझ्या खिशात टाकला. त्याला वाटलं मी खेळतोय, तो हसला. मी हसलो नाही. तेव्हा त्याचा चेहरा बदलला. अंगठा कागदावर टेकवल्याची खूण करून त्यानं माझ्या खिशाकडं बोट दाखवलं. यासाठी नेलं होतंस? मी मान हलवली. त्यानं माझ्या खिशात हात घालून खडा काढला आणि राखेवर परत ठेवला. थोडा वेळ बघत बसला. मग अंगणातला अजून एक खडा उचलला, त्या दोघांच्या शेजारी ठेवला, आणि खांद्यावरून दोन मुठी खाली ओढल्या. आक्का.

बहिणीनं हक्कसोड करून द्यायचं, माहेरची साडी-चोळी घ्यायची आणि गप्प बसायचं, हा आमचा रिवाज. तो त्याला कधी कुणी सांगितलाच नव्हता. त्याला एवढंच दिसत होतं की नथीची पोरं तीन.

त्या रात्री मला एक गोष्ट कळली, आणि या सगळ्या लिहिण्यात सांगण्यासारखी तेवढीच आहे. आपण एखाद्याला सांगत नाही ते नेहमी कंटाळ्यानं नसतं. सांगितलं की त्याला 'नको' म्हणता येतं. तिसरा खडा ठेवता येतो. सांगणं म्हणजे वाटा देणं. म्हणून तर बायकांना सांगत नाहीत, म्हाताऱ्यांना सांगत नाहीत, गड्याला सांगत नाहीत. 'त्याला काय कळतंय' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला कळेल याचीच धास्ती असते.

त्याचे तिन्ही खडे सारखे होते. त्या वेळच्या कायद्यानं आक्काच्या वाट्याला वीस गुंठे येत होते. तेवढे तिच्या नावावर राहिले. ऊस आम्ही करतो, बिल तिच्या खात्यावर जातं. मी काही संत नाही, बिलाची पावती बघितली की मन अजून कुरकुरतं. पण धाकट्याच्या नावाचा सातबारा आमच्या घरात आहे, आणि बांधावर काही ठरायचं असलं की तो असल्याशिवाय ठरत नाही.

माणसं मला विचारतात, त्याला लहानपणीच बोलायला शिकवलं असतं तर? मशीन लावलं असतं तर? लावायला हवं होतं, शाळेतही घालायला हवं होतं. आज ज्याच्या घरात असं मूल आहे त्यानं एक दिवसही दवडू नये. पण एक ऐका. १८८० साली इटलीत मिलान शहरात बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली, आणि मुलांना हातांनी नव्हे, तोंडानंच बोलायला शिकवायचं असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. त्यानंतर कितीतरी देशांत बहिऱ्या पोरांचे हात वर्गात बंद झाले. चूक झाली, वाईट वाटतं, असं म्हणायला २०१० साल उजाडलं, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत. मोठमोठी शिकलेली माणसं, त्यांनीही आमच्या चुलत्यांसारखं कट्ट्यावर बसून ठरवलं. ज्याच्याबद्दल ठरवायचं त्याला विचारलं नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकू न येणाऱ्या माणसांची नोंद ५० लाखांवर आहे. त्यातल्या किती घरांत पंजे हलत असतील?

तो आपल्यात यावा, आपल्यासारखा व्हावा, असं आपण म्हणतो. तो तर जन्मभर येतच होता. गुडघ्याला हात लावून विचारत होता. निम्मी वाट आम्ही चालायची होती, आणि आम्हाला तर हातही होते आणि कानही.

माझी नात बारा वर्षांची आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र निघालंय, त्यांच्या कोशात आता १०,००० शब्द आहेत, ते मोबाइलवर बघता येतात. नात त्यातले शिकते आणि आज्जाला शिकवते. तो काही उचलतो, काही टाकून देतो. म्हशीची आमच्या आईची खूणच बरी, असं त्याचं मत आहे. या पोरीनं दोन वर्षांपूर्वी त्याला नाव दिलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचं, गुळाची गोळी वळल्यासारखं. साठी उलटल्यावर माझ्या भावाला नाव मिळालं. त्या दिवशी तो दिवसभर आल्यागेल्याला ते करून दाखवत होता.

आता घरात थोडे नेम आहेत. पंगतीत तो उजेडाकडं तोंड करून बसतो आणि समोर कुणीतरी सांगणारं असतं. लाइट गेली की आधी त्याच्यापुढं बॅटरी लागते, कारण अंधारात त्याचं बोलणंच बंद होतं. तरी जुनी खोड आहे, पंजा अजून वर जातो. मागच्या दिवाळीला फराळाला सगळे बसलो होतो. जावई काहीतरी बोलला, सगळे हसलो. धाकट्यानं माझ्या गुडघ्याला हात लावला. मी हातातला लाडू ताटात ठेवला आणि सगळा विनोद हातांनी सांगितला, चांगली दोन-तीन मिनिटं लागली. त्यानं नीट बघून घेतलं. मग गोळीवाला हात छातीवर टेकवून, तोंड वाकडं करून मला विचारलं, एवढ्यासाठी हसत होता होय?

आणि खरंच, विनोदात काही दम नव्हता.